लोहारा पाच, कळंब तेवीस

पहाटे साडेचारला यवतमाळच्या दारव्हा रोडवर उभं राहिलं, तर आधी दिसत काही नाही, ऐकू येतं. बुटांची थपथप आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्या कुणाची तरी हाळी, "काऊन थांबला बे? शेवटचे दोनशे राह्यले!" मग अंधारातून दहा-बारा पोरं सपासप निघून जातात, त्यांच्या मागोमाग पाच-सहा पोरी. एकीच्या मुठीत मोबाइल, त्यावर सेकंद पळताहेत.

यांना हौशी धावपटू म्हटलं तर ती हसतील. यांची धाव भरतीची. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला 50 गुण. त्यातले 20 एकट्या धावण्याला. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाने 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत उरकायचे. वनरक्षक व्हायचं तर मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3, आणि निवडीच्या शेवटच्या टप्प्यावर चालण्याची परीक्षा: चार तासांत मुलांनी 25 किलोमीटर, मुलींनी 16. सागवानाच्या जिल्ह्यात जंगल राखायचं तर पाय हवेतच.

मोठ्या शहरांतून धावण्याच्या 'निसर्गरम्य' वाटांच्या याद्या निघतात. बाग, तलाव, जुना राजवाडा, शेवटी कॉफी. यवतमाळची अशी यादी करायला बसलं की गंमत होते. इथली एकही चांगली वाट धावण्यासाठी म्हणून झालेली नाही. कुठे पाण्यासाठी धरण बांधलं, कुठे कापसासाठी रूळ टाकले, कुठे बैलबंडीसाठी पांदण राखली. धावणारे त्यात मागाहून शिरले.

लोहाऱ्याची वाटच घ्या. जुन्या यवतमाळपासून लोहारा पाचेक किलोमीटर, म्हणजे वनरक्षकाच्या धावेइतकं. आता मधलं सगळं शहरच झालंय, पण ही जोडी जुनी आहे. 'ऐन-ए-अकबरी'त इथल्या परगण्याचं नाव 'योत-लोहारा' असं दोन्ही गावं जोडून येतं. याच लोहाऱ्याच्या जंगलात 21 जुलै 1930 रोजी डॉ. हेडगेवार आपली तुकडी घेऊन गेले, राखीव वनातलं गवत कापलं आणि नऊ महिन्यांच्या शिक्षेवर गेले. त्याच्या अकरा दिवस आधी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी विळा चालवून विदर्भातल्या जंगल सत्याग्रहाला तोंड फोडलं होतं. ज्या जंगलात पाय ठेवून गवत कापणं हा गुन्हा ठरला, त्याच्या वाटेवर आज पोरं वनखात्याची नोकरी मिळावी म्हणून घाम गाळतात. यात उपरोध शोधायला मी गेलो असतो, पण पोरांना तेवढा वेळ नसतो.

आता पायाखालचं बघू. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, पठारावर वसलेलं. खाली सगळा काळा पाषाण. तो झिजला, फुटला की मुरूम होतो आणि त्याहून बारीक होऊन सखलात साचला की काळी माती. धावणाऱ्याला या दोघांतला फरक पहिल्या पावसातच कळतो. मुरमावर पाणी थांबत नाही. पाय टेकला की जमीन किंचित दबते, गुडघ्याला धक्का कमी बसतो. काळ्या मातीचा गारा मात्र बुटाला असा धरतो की शंभर पावलांत प्रत्येक पायाला अर्धा किलोचं ओझं. म्हणून पावसाळ्यात वावरातली पांदण सोडायची आणि टेकाडाची वाट धरायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. उलट शिकवावं लागतं ते नगरपालिकांना. बाग म्हटली की पेव्हिंग ब्लॉक, हे समीकरण कुठून आलं देव जाणे. सिमेंटचा ठोकळा पायाला डांबराहून कठीण. असल्या 'जॉगिंग ट्रॅक'वरून पोरं एक फेरी मारतात आणि कडेच्या मातीत उतरतात. तिथे गवत मरून पायवाट पडते. त्या पायवाटेकडे बघून कंत्राटं निघाली असती तर निम्मा खर्च वाचला असता.

पाण्याकाठची वाट म्हणजे निळोणा आणि चापडोह. दोन्ही धरणं शहराची तहान भागवायला बांधलेली. पाळीच्या अंगाने सकाळी धावलं तर हवा चांगलीच गार लागते, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, आणि शहर इतकं जवळ असूनही ऐकू येत नाही. पण हे सौंदर्य भरवशाचं नाही. 2018 च्या उन्हाळ्यात ही धरणं आटली, घागरींच्या रांगा लागल्या. तळाला भेगा पडलेल्या जलाशयाभोवती फिरायला कोण जाईल? बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याच्या योजनेची चर्चा तेव्हा घराघरांत होती. पुसदला पूस, दिग्रसला अरुणावती, बाभूळगावकडे बेंबळा, अशी धरणं जिल्हाभर आहेत. धरणाच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय जायचं नसतं. धावायचं ते काठाच्या वाटेने.

ऋतूचं गणित वेगळंच. मार्चमध्ये सागाची पानं गळून वाट पापडासारखी वाजते, मधेच पळस पेटलेला असतो. डोळ्यांना याहून चांगले दिवस नाहीत. एप्रिल-मे म्हणजे पारा पंचेचाळिसाकडे. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात: घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पुण्याहून सुट्टीला आलेला नातेवाईक पहिल्याच दिवशी आठ वाजता धावायला निघाला की त्याला अडवायचं, ते याचसाठी. खिशातला कांदा ऊन लागण्यापासून वाचवतो, असं इथे बरेच जण मानतात. मी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर विसंबतो.

पण मला खरी सांगायची आहे ती शकुंतला नावाच्या गाडीची वाट. यवतमाळ ते मूर्तिजापूर, कारंजा आणि दारव्हा मोतीबाग करत जाणारा 113 किलोमीटरचा रेल्वेमार्ग, दोन रुळांतलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सनच्या कंपनीने तो टाकला, तो इथला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणि पुढे मँचेस्टरपर्यंत पोचावा म्हणून. मँचेस्टरहूनच वाफेचं इंजिनही आलं आणि ते 1994 पर्यंत राबलं. त्या वर्षीच्या 15 एप्रिलला डिझेल इंजिन जोडलं गेलं. ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने गाडी जायची. 2023 साली केनियाचा केल्विन किपटम शिकागोची मॅरेथॉन 2 तास 35 सेकंदांत धावला, त्याचा वेग ताशी एकवीस पडतो. शकुंतला त्याच्या मागे राहिली असती, आणि तिला वाटेत थांबेही होते!

गाडी गेली काही वर्षं बंद आहे. रुळांत गवत, कडेला बाभळी. आगगाडीला एकदम चढ झेपत नाही, म्हणून तिच्यासाठी उंचवटे कापून आणि खड्डे भरून सौम्य उताराची वाट काढलेली असते. धावणाऱ्याला हवी तशीच. इंग्लंडमध्ये डर्बिशायरला बंद पडलेल्या लोहमार्गावर मॉन्सल ट्रेल झाली. 2011 साली तिथले जुने बोगदेही चालणाऱ्यांना खुले झाले. शकुंतलेचं तसं व्हावं, असं मी चारचौघांत म्हणालो तर मार खाईन. या भागातल्या लोकांना ब्रॉडगेज हवी आहे, आणि त्यांचं चूक नाही. वर्ध्याहून कळंबपर्यंत 2024 साली गाडी आली, तेव्हाचा आनंद पाहिलेल्याला हे समजतं. तरी नवे रूळ येईतो दारव्ह्यापर्यंतच्या बाभळी काढून मुरूम पसरायला काय हरकत आहे? गाडी आली की आम्ही बाजूला होऊ.

जंगलाच्या अगदी कडेने मात्र धावू नये. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, आणि वाघ त्या हद्दीत मावत नाहीत. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या गावांनी 2018 पर्यंत अवनी वाघिणीची धास्ती सोसली. पहाटेची वेळ तर वाघाचीच. जिल्ह्याचा सगळ्यांत लांब पल्ल्याचा धावपटूही याच टिपेश्वरचा. गळ्यात कॉलर असलेला तरणा नर 2019 साली निघाला, तेलंगणातून, पैनगंगेच्या काठाने, शेतं-रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी चाल सुमारे 3,000 किलोमीटरची. 'वॉकर' हे नाव त्याला त्यावरून पडलं.

राहिलं कळंब. नागपूर रस्त्याने तेवीसेक किलोमीटर. ट्रक सुरू व्हायच्या आत निघायचं आणि कडेची पट्टी सोडायची नाही. अर्धमॅरेथॉनचे 21 किलोमीटर संपतात तेव्हा चिंतामणी गणपतीचं देऊळ अजून दोन किलोमीटर पुढे असतं. हे लांबचं धावणं महिन्यातून एकदाच करतो, आणि दर वेळी एकच चूक होते. मूर्ती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, हे मी वाटेत विसरतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतो. तेवीस किलोमीटरनंतर तो साफ नकार देतो. मग एका हाताने भिंत धरून, तिरका होऊन, एक-एक पायरी. मागच्या खेपेला एक आजी डोक्यावरचा पदर सावरत माझ्याशेजारून भराभर उतरल्या आणि खालून म्हणाल्या, "हळू ये रे बाबू, देव कुठी नाही जात."