डोळ्यातला चौकोन आणि नगरचा सूर्य

चांदबिबीच्या वेशातल्या तरुणीचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. जरीचा पोशाख, कमरेला तलवार, मागे फराहबागेची उंच कमान. पोशाखावर महिनाभर मेहनत झालेली, दागिनेही विचार करून निवडलेले. आता हा फोटो पडद्यावर मोठा करा आणि डोळ्याच्या बुबुळात पाहा. तिथे एक लख्ख पांढरा चौकोन दिसतो. तो एलईडी पॅनेलचा. कानातल्या मोत्यातही तोच. सोळाव्या शतकातली सुलताना एकविसाव्या शतकातल्या दिव्याकडे बघते आहे, हे त्या एका ठिपक्याने सांगून टाकलं.

यात दोष डोळ्याचा नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे जेमतेम पावणेआठ मिलिमीटर त्रिज्येचा फुगीर आरसा. समोर जे जे उजळ असेल त्याची चिमुकली प्रतिमा तो दाखवणारच. फोटोग्राफर तिला कॅचलाइट म्हणतात. ती नसली तर डोळे निर्जीव वाटतात, म्हणून ती हवीच. पण ती कशाची हवी, हे थीम ठरवताना ठरलं पाहिजे. उघड्या कमानीची प्रतिमा बुबुळात पडली तर तीही पांढरीच दिसते, फक्त तिचा आकार कमानीचा असतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण चित्र खरं वाटेल.

अहिल्यानगर जिल्ह्यात थीम शूटसाठी जागांची चणचण नाही. भंडारदऱ्याचा जलाशय आहे, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आहे, निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. नगर शहराजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली कबर आहे, तिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. पण उजेडाचा अभ्यास करायचा तर मी फराहबागच निवडेन. १५८३ साली पूर्ण झालेला हा निजामशाही महाल एके काळी तलावाच्या मधोमध उभा होता. तो अष्टकोनी आहे, आणि फोटोग्राफरला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग तोच. सूर्य बरोबर डोक्यावर असण्याची वेळ सोडली, तर आठांपैकी काही बाजू उन्हात असतात आणि काही सावलीत. म्हणजे सौम्य उजेडाची एखादी कमान दिवसभर मिळतेच, फक्त महालाभोवती फिरून ती शोधावी लागते.

सौम्य उजेड आणि कडक उजेड यांतला फरक दिव्याच्या शक्तीत नसतो, तो दिव्याच्या दिसणाऱ्या आकारात असतो. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे नाकाची सावली दोन सेंटिमीटरवर पडली, तर तिची कड फार तर ०.२ मिलिमीटर पसरते, म्हणजे सुरीने कापल्यासारखी. आता मॉडेलच्या डोक्यावर चार हातांनी एक पांढरं मलमलचं धोतर ताणून धरा. ऊन धोतरावर पडतं आणि चेहऱ्यापुरता धोतरच दिवा होतो. अर्ध्या अंशाच्या जागी साठ-सत्तर अंशांचा दिवा. नाकाखालची काळी रेघ विरघळते, गालाची गोलाई दिसू लागते. महागडी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स हेच काम करतो. मात्र एक मीटर रुंदीचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल तर तो सुमारे ५३ अंशांचा दिसतो, चार मीटरवर नेला तर फक्त १४ अंशांचा. लांब ठेवलेला सॉफ्टबॉक्स नावालाच सॉफ्ट उरतो.

अंतराने आणखी एक गोष्ट घडते. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मॉडेलच्या दोन मीटर मागे भिंत आहे असं समजा. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल, तर भिंत दिव्यापासून तीन मीटरवर आली. तिला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळेल आणि ती अंधारात बुडेल. तोच दिवा चार मीटरवर न्या. आता चेहरा चारवर आणि भिंत सहावर, म्हणजे भिंतीला जवळजवळ निम्मा उजेड. महाल दाखवायचा असेल तर दिवा मागे सरकवा, एकाकी राणी दाखवायची असेल तर पुढे आणा. ‘बॅकग्राउंड नंतर एडिटिंगमध्ये काळं करू’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोन फोटो एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

आता सूर्याच्या उंचीचं बघू. इंटरनेटवरचे फोटोग्राफीचे धडे बहुधा युरोप-अमेरिकेच्या आकाशाखाली तयार झालेले असतात. नगर साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. एप्रिलच्या मध्यापासूनच तो ८० अंशांच्या वर जातो. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणी भरून टाकते आणि चेहरा थकलेला दिसतो. त्या दिवसांत दुपारी उघड्यावर शूट नकोच. पण २१ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. स्टुडिओत मुख्य दिवा चेहऱ्याच्या वर ४५ अंशांवर लावण्याची जुनी पद्धत आहे. हिवाळ्यात नगरचा सूर्य आपण होऊनच त्या जागेवर येऊन बसतो. ‘दुपारी शूट करू नका’ हा नियम इथे डिसेंबरात मोडायला हरकत नाही, फक्त मध्ये धोतर धरा आणि मॉडेलला सूर्यापासून थोडं तिरकं उभं करा. नगरच्या किल्ल्याला मुघलांचा वेढा पडला तोही १५९५च्या डिसेंबरात. चांदबिबी तटावर उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हेच तिरकं ऊन असणार.

संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचं गणितही स्थानिकच आहे. डिसेंबरात शेवटचे दहा अंश उतरायला सूर्याला लंडनमध्ये दीड तासाहून जास्त लागतो, नगरला पाऊण तास. मेकअप, नथ, पदराच्या चुण्या हे सगळं त्याआधी उरकलेलं हवं.

सावलीतल्या कमानीत उजेड येतो तो निळ्या आकाशाकडून. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, तर अशा सावलीत ते ७००० च्या पुढे जातं. म्हणून कातडी निळसर, आजारी दिसते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवला की ती सुधारते. समईचा उजेड याच्या दुसऱ्या टोकाला, दोन हजार केल्विनच्याही खाली. समईच्या थीममध्ये कॅमेरा ‘ऑटो’वर सोडला तर तो ती ऊब धुऊन टाकू पाहतो. मदतीच्या एलईडीवर नारिंगी जिलेटिन लावा आणि व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवा. आणि समई जमिनीवर ठेवून मॉडेलला तिच्यावर वाकवू नका. उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायेवरून आकार कसा ओळखला जातो यावर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. खालून उजळलेल्या चेहऱ्यावर सावल्या नेहमीच्या उलट पडतात, म्हणून तो भुतासारखा वाटतो. निरांजन हातात, छातीच्या उंचीवर आणि एका बाजूला धरलं की तोच उजेड मायाळू होतो.

पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या हिरवळीवर शूट करणाऱ्यांना हनुवटीखाली हिरवट झाक का येते ते कळत नाही. हिरवळ हाही एक दिवाच आहे, खालून हिरवा उजेड फेकणारा. पायाशी पांढरी चादर अंथरली की काम होतं. अमृतेश्वराच्या काळ्या दगडाचं उलट. तो उजेड गिळतो, त्यामुळे त्याच्या बाजूचा गाल खोल सावलीत जातो. तो उजळायला थर्माकोलचा पांढरा तुकडा पुरतो.

सावळ्या चेहऱ्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरी साडी दिसली की ते उजेड कमी करतं आणि सावळा चेहरा काळवंडतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची प्रमाण-चित्रं गोऱ्या स्त्रियांची असत, त्यामुळे बाकीच्या कातडीचे बारकावे कितीतरी वर्षं दुर्लक्षित राहिले. चेहरा ‘उजळ’ करणारा फिल्टर लावणं हा त्याच अन्यायाचा पुढचा हप्ता आहे. सावळ्या कातडीची शोभा तिच्यावर उमटणाऱ्या चमकेत असते. मोठा दिवा बाजूने लावा, मीटरिंग चेहऱ्यावर करा, रंग तसाच ठेवा. शेजारच्या येवल्याच्या पैठणीलाही हाच न्याय. तिची जर दिव्याची प्रतिमा परत फेकते, म्हणून लहान दिव्याखाली ती ठिपक्याठिपक्यांनी टोचते आणि मोठ्या दिव्याखाली लाटेसारखी झळकते.

चौकटीबद्दल थोडक्यात. चेहऱ्याच्या फार जवळून फोटो काढला की नाक मोठं दिसतं. ३० सेंटिमीटरवरून ते जवळजवळ ३० टक्के रुंद भासतं, दीड मीटरवर हा फरक उरत नाही. म्हणून मागे सरा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. त्याने मागची कमानही चेहऱ्याच्या मानाने मोठी, जवळ आल्यासारखी दिसते. कमानीची कड डोक्यातून आरपार गेलेली नको. चेहरा एक तृतीयांशावर ठेवण्याचा नियम सगळे सांगतात, पण ख्रिस्तोफर टायलर यांनी १९९८ साली सहा शतकांतली व्यक्तिचित्रं तपासली, तेव्हा चित्रकारांनी दोहोंपैकी एक डोळा चित्राच्या उभ्या मध्यरेषेजवळ ठेवल्याचं आढळलं. करून बघण्यासारखं आहे.

आणि उजेडाची दिशा सगळीकडे एकच हवी. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या लोकांची छायाचित्रं १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत छापली. त्यांत माणसं एकीकडे टिपून दुसऱ्याच दृश्यावर बसवलेली आहेत, आणि ती जमिनीवर टेकलेली वाटत नाहीत. आज मोबाइलवर महाल मागे चिकटवतात तेव्हा हेच होतं.

पुढचं शूट ठरवण्याआधी एकदा कॅमेरा न घेता फराहबागेत जा. आपली मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि आठही कमानींतून हळूहळू फिरा. बोटांच्या पेरांवर सावली कुठे कडक पडते, कुठे मऊ होते ते बघा. जिथे मूठ गोल, भरीव दिसेल, तिथे मॉडेलला उभं करा.