लाखेच्या तबकड्या

उस्मानिया मेडिकल कॉलेजात शिकत असताना, १९७४ साली, कोठीतील जुन्या पुस्तकांच्या दुकानी ग्रेचे शरीररचनाशास्त्र शोधावयास गेलो आणि बालगंधर्वांची तबकडी घेऊन परतलो. ग्रंथासाठी वडिलांनी दिलेले पैसे असे खर्ची पडले!

तबकडीवर धूळ व बुरशी साचली होती. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास जे सुचावे तेच मला सुचले. कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून एक बाजू घासून पुसली. बोळा काळाठिक्कर पडला, तबकडीची झळाळी गेली. सुई टेकविताच केवळ खरखर! मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख मद्यार्कात विरघळते, हे ज्ञान मला असे झाले. साधे पाणी, किंचित सौम्य साबण व मऊ फडके पुरे. मधली चिठ्ठी तेवढी कोरडी ठेवावी.

पुढे हा छंद जडलाच. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान गायिल्या, तेव्हापासून गवयांना ही शिस्त लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला. आम्हांस रुग्णाची हकीकतही तेवढ्यात आटोपत नाही.

वडिलांना सारे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. "दुसरी बाजू वाजते का?" एवढेच त्यांनी विचारले.

वाजत होती. त्या रात्री आम्ही दोघांनी ती चार वेळा ऐकली.