फिशरचं पुस्तक घेताय? आधी साल बघा!

बुद्धिबळपटू बॉबी फिशरचं ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’ 1969 मध्ये आलं. जगज्जेता होण्याच्या 3 वर्षं आधी. साठ डावांत स्वतःच्या 3 पराभवांनाही त्याने जागा दिली, म्हणून मला ते इतकं जवळचं वाटतं.

1995 ची बॅट्सफर्डची आवृत्ती मात्र जपून घ्या. चाली लिहिण्याचं जुनं ‘पी-के4’ नोटेशन बदलून ‘ई4’ केलं, इथवर ठीक. पण फिशरला न विचारता त्याच्या टिपांतही शेकडो बदल केले! फिशर भयंकर संतापला, आणि ते रास्तच होतं. चाल चुकली असेल तर वेगळी तळटीप द्या. लेखकाचे शब्द का बदलायचे?

2008 च्या बॅट्सफर्ड आवृत्तीत मूळ मजकूर परत आला, नोटेशन नवंच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रत दिसली, तर आधी आतलं पान उघडून साल वाचा.