ध्वजदिनाचा डबा आणि कराचे विवरणपत्र

दरवर्षी डिसेंबरच्या 7 तारखेस सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. तांबडा, गडद निळा व आकाशी अशा तीन पट्ट्यांचा तो चिमुकला कागदी ध्वज, जो तिन्ही सेनादलांचे प्रतीक आहे, कचेरीतील शिपाई साहेबांच्या खिशाला टाचतो, साहेब नोट काढून देतात, आणि संध्याकाळी घरी परतताना तो ध्वज बहुधा रिक्षात गळून पडलेला असतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून ध्वजदिन निधी संकलनाचे समारंभ होतात, माजी सैनिकांचा व वीरपत्नींचा सत्कार होतो, कोणत्या खात्याने किती टक्के उद्दिष्ट गाठले याची बातमी आमच्याकडे येते आणि आम्ही ती छापतो. यात वावगे काही नाही. परंतु 'उद्दिष्ट' हा शब्द आम्हांस नेहमी खटकत आला आहे. देणगीला उद्दिष्ट ठरवून दिले, की ते परिपत्रकाबरोबर खालच्या कचेरीकडे उतरते, तेथून त्याच्याही खालच्या कचेरीकडे, आणि शेवटी ज्याच्या खिशातून पैसा निघतो त्या लिपिकाला वा प्राथमिक शिक्षकाला आपण दान केले की वर्गणी भरली, हे उमगत नाही. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या दिवसांत मुलांना ध्वज वाटून दुसऱ्या दिवशी पैसे आणावयास सांगावे लागे. जी मुले पैसे आणीत नसत त्यांची नावे वर्गात वाचून दाखवावीत अशी वरून सूचना होती. ज्या पोरांच्या घरी हातमागावर पोट चालत होते त्यांची नावे त्या यादीत असत, हे सांगावयास नको.

हा निधी कशासाठी आहे, हे या टाचण्या-टोचण्याच्या गडबडीत मागे पडते. 1949 च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने हा दिवस पाळण्याचे ठरविले. फाळणीनंतरची आणि काश्मीरमधील लढाईची ती वर्षे होती. पुढे सैनिकांच्या कल्याणासाठी निरनिराळे छोटे-मोठे निधी निर्माण झाले. 1993 साली ते एकत्र करून आजचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी सिद्ध झाला. त्याचा कारभार केंद्रीय सैनिक मंडळाकडे आहे. राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे त्याचे हातपाय होत. या निधीतून मुलांच्या शिक्षणास, मुलींच्या विवाहास, औषधपाण्यास मदत मिळते. आणि ज्या गोष्टीकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, ती ही की अपंग सैनिकांना आसरा देणाऱ्या संस्थांना त्यातून अनुदान दिले जाते. डेहराडून येथील अंध सैनिकांची सेंट डन्स्टन्स संस्था, मोहाली व खडकी येथील पक्षाघातग्रस्त सैनिकांची पुनर्वसन केंद्रे, ठिकठिकाणची चेशायर होम्स ही त्यांतील काही नावे.

यांपैकी खडकी आपल्यापासून फार दूर नाही. सोलापूरहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस दुपारच्या आत तेथे पोचतो. 1917 साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांना हाताचा धंदा शिकविण्यासाठी निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तेथेच आहे. 1974 साली तेथे पुनर्वसन केंद्र सुरू झाले, ते पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचा किंवा मानेखालचा देह निकामी झालेल्या जवानांसाठी. त्यांतील काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रकला साध्य केली आहे, काही चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. अशा संस्थेला 'आश्रम' म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. ते आश्रम नव्हे, घर आहे. कारण पाय गेलेल्या शिपायाचे गावातले घर, उंच उंबऱ्याचे आणि मागच्या परड्यात न्हाणी असलेले, त्याला आता आपले म्हणून वापरता येत नाही. त्याला अंथरुणावर कूस बदलून देणारा माणूस रात्री दोन-दोन तासांनी लागतो. कूस बदलली नाही तर पाठीला क्षते पडतात, आणि एका क्षताने जीव जाऊ शकतो. बायको व म्हातारी आई हे किती वर्षे करतील?

निवृत्तिवेतन असताना मदतीची गरज काय, असे विचारणारे सुशिक्षित लोक आम्हांस भेटतात. निवृत्तिवेतन सर्वांना नसते, हे त्यांना ठाऊक नसते. शिपायाला ते मिळण्यास सामान्यतः 15 वर्षांची नोकरी पुरी व्हावी लागते. जो 9 किंवा 12 वर्षांनी सुटला, तो माजी सैनिक खरा, पण महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याच्या बँकेच्या खात्यात काही जमा होत नाही. हातपाय चालतात तोवर तो कोठे पहारेकरी म्हणून, कोठे सूतगिरणीत, कोठे शेतावर निभावून नेतो. पासष्टी उलटली की मोजदाद सुरू होते. अशा निवृत्तिवेतन नसलेल्या, 65 वर्षांवरील विपन्न सैनिकांना व त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून आजन्म अनुदान मिळते. ते महिना 4,000 रुपये होते. संरक्षण मंत्रालयाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ते 8,000 रुपये केले. मुलांच्या शिक्षणाचे अनुदान महिना 1,000 वरून 2,000 वर आणि विवाहाचे 50,000 वरून 1,00,000 वर नेले. 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांना हे नवे दर लागू झाले. याचा वार्षिक बोजा सुमारे 257 कोटी रुपये आहे, आणि तो ध्वजदिन निधीतूनच भागवावयाचा आहे. दुप्पट देण्याचा निर्णय योग्यच होता, किंबहुना फार उशिरा झाला. पण दुप्पट द्यावयाचे तर डब्यात पडणारा पैसाही वाढला पाहिजे, हे गणित कोणी मांडलेले आमच्या पाहण्यात नाही.

त्यातच 2022 साली अग्निपथ योजना आली. तिच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी चारांपैकी तीन तरुण निवृत्तिवेतनावाचून बाहेर पडावयाचे आहेत. त्यांना सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे मिळावयाचे आहेत, परंतु त्या वेळच्या अटींत माजी सैनिकाचा दर्जा त्यांना दिलेला नव्हता. योजनेच्या गुणदोषांचा खल येथे करण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे, की निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांची संख्या घटण्याचे दिवस संपले.

सैनिकाची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे, त्यासाठी आम्ही कर भरतोच, मग वर दान कशाला, हा आक्षेप थिल्लर नाही. आमचेही प्रथमदर्शनी मत तेच आहे. देशासाठी ज्याचा पाय गेला त्याने दयेवर जगावे, ही कल्पनाच आम्हांस असह्य वाटते. राजेरजवाड्यांनासुद्धा हे कळत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1670 साली पॅरिसमध्ये जायबंदी शिपायांचे भव्य गृह बांधावयास घेतले, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने 1682 साली चेल्सी येथे त्याचे अनुकरण केले. मात्र या चेल्सीच्या गृहाचा खर्च दीर्घकाळ मुख्यतः शिपायांच्याच पगारातून कापून चालविला जात असे! राजाचे नाव आणि शिपायाचा पैसा. तेव्हा सरकारने हात झटकावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. निवृत्तिवेतन, उपचार, अपंगत्वाचा मोबदला हे हक्क आहेत आणि ते अर्थसंकल्पातूनच भागले पाहिजेत. पण हक्काच्या नियमांना कडा असतात, आणि त्या कडेवरून खाली पडणारी माणसे नेहमी असतात. बारा वर्षांचा शिपाई असाच पडलेला आहे. नियम बदलेपर्यंत त्याने थांबावे असे त्याला सांगणे सोपे आहे, परंतु त्याचे वय थांबत नाही.

मग प्रश्न उरतो तो पैसा कसा गोळा करावा, याचा. आम्हांस येथे एक सूचना करावयाची आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत कराच्या विवरणपत्रावरच एक रकाना असतो. करदात्याने परताव्यातून अमुक रक्कम अमुक निधीला द्यावी, अशी खूण तेथे करावयाची, म्हणजे तेवढी रक्कम वळती होते. 1977 साली कोलोरॅडो राज्याने ही पद्धत वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी सुरू केली, पुढे ती इतर राज्यांत व इतर कामांसाठी पसरली. मिसूरी राज्याच्या विवरणपत्रावर निवृत्त सैनिकांच्या निधीचा रकाना आहे, आणि त्या राज्याचा सैनिक आयोग वृद्ध व आजारी सैनिकांसाठी सात गृहे चालवितो. तेथे डबा घेऊन कोणी दारी येत नाही. नागरिक वर्षाकाठी आपला हिशेब मांडतो त्याच टेबलावर, सरकारशी चाललेल्या त्याच व्यवहारात, स्वतःच्या हाताने एक आकडा लिहितो. तो लिहावा की न लिहावा हे पाहणारा साहेब शेजारी उभा नसतो.

आपल्या विवरणपत्रात देणग्यांसाठी जागा होती, पण ती दिलेल्या देणगीवर वजावट मागण्यासाठी. 1961 च्या कायद्यातील कलम 80 जी बहुतेक पगारदारांना तोंडपाठ असे. 1962 साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेल्या रकमेवर पूर्ण वजावट मिळे, ध्वजदिन निधीही सवलतीस पात्र होता. आता ज्यांनी नवी करपद्धती पत्करली आहे, आणि मध्यमवर्गातील बहुसंख्य तिकडे वळत आहेत, त्यांना देणगीवर वजावटच नाही. 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत कर नाही, त्यामुळे वाचविण्यासारखेही काही उरले नाही. मार्चअखेर पावतीसाठी होणारे दान यापुढे आटेल, आणि ते दान होते की नाही याचीही एकदा परीक्षा होईल. परंतु ज्यांचा कर आधीच कापला गेला आहे अशा असंख्य लोकांना परतावा मात्र येतच राहणार. 1961 चा कायदा बाजूस सारून संसदेने 2025 साली नवा आयकर कायदा संमत केला आहे. त्यासाठी नमुने नव्याने घडवावे लागतात. त्यांत सैनिकांच्या गृहांसाठी व विपन्न सैनिकांसाठी एक ओळ घालावयास कितीशी शाई लागणार?

हिशेब अगदी साधा आहे. महिना 8,000 म्हणजे वर्षाला 96,000 रुपये. परताव्यातून प्रत्येकी 200 रुपये देणारे 480 करदाते एका वृद्ध सैनिकाचे वर्ष उचलू शकतात. जुळे सोलापुरातील दोन-चार मोठ्या गृहनिर्माण संस्थांत एवढे करदाते सापडतील.

या सूचनेत धोके आहेत. एक रकाना उघडला की गोरक्षणापासून ग्रंथालयापर्यंत प्रत्येकाला आपला रकाना हवासा वाटेल, आणि विवरणपत्राची जत्रा होईल. अमेरिकेत नेमके हेच झाले. म्हणून काही राज्यांनी ठरावीक किमान रक्कम न जमल्यास रकाना काढून टाकण्याचा नियम केला. दुसरे असे, की सरकारने या पैशाकडे बोट दाखवून अर्थसंकल्पातील तरतूद कापता कामा नये. तसे झाले तर हे दान सैनिकाला नव्हे, अर्थखात्याला पोचेल. यासाठी जमा किती, कोणत्या गृहाला किती दिले, अर्ज किती प्रलंबित आहेत, हे आकडे विवरणपत्र भरण्याच्या मोसमाआधी दरवर्षी वर्तमानपत्रांतून जिल्हावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. आम्ही ते विनामूल्य छापू.

सोलापूरला ही भाषा नवी वाटू नये. 1938 च्या जुलैमध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनसाठी देशात 'चीन दिन' पाळला गेला, लोकांनी वर्गणी दिली, आणि त्या वर्गणीच्या बळावर राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्या पाचांत आपल्या शहरात 1910 साली जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस होते. परक्या देशाचे, परक्या भाषेचे जखमी सैनिक त्यांनी आपले मानले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि 1942 च्या डिसेंबरात, 9 तारखेस, वयाच्या 32 व्या वर्षी तेथेच गेले. ध्वजदिन आणि त्यांची पुण्यतिथी यांत दोनच दिवसांचे अंतर आहे. भैय्या चौकातील त्यांच्या स्मारकाला हार घातला जातो, तो घातलाच पाहिजे. पण त्यांना चीनला पोचविणारे तिकीट कोठल्याशा अनामिक माणसांनी टाकलेल्या आण्या-रुपयांतून निघाले होते, हेही आठवावे. त्या देणगीवर कोणाला वजावट मिळाली नव्हती, आणि त्या काळी राज्यही आपले नव्हते.

महाराष्ट्र शासनाने 2020 साली माजी सैनिकांना घरपट्टीची माफी दिली, म्हणजे कर आणि सैनिक यांचा संबंध जोडणे राज्यकर्त्यांना अशक्य नाही. आमच्या जिल्ह्याच्या खासदारांनी ही रकान्याची मागणी अर्थमंत्र्यांपुढे ठेवावी. दिल्ली हलेपर्यंत शहरातील कर सल्लागारांनी व सनदी लेखापालांनी एक लहानशी प्रथा पाडावी. अशिलाला परतावा किती येणार हे सांगताना त्यातील काही ध्वजदिन निधीला द्यावयाचे का, एवढेच त्याला विचारावे. 'नाही' म्हणणाऱ्याचे नाव कोणत्याही यादीत लिहू नये. 'हो' म्हणणाऱ्याने रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात धनादेशाने भरावी आणि पावती घेऊन तेथेच आणखी एक गोष्ट विचारावी: आपल्या तालुक्यात 65 वर्षांवरील, निवृत्तिवेतन नसलेले सैनिक किती आहेत, आणि त्यांतील किती जणांना असे अनुदान असते हे माहीत आहे?