पहिल्या संगीत नाटकाची आठवण : नाट्येतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आजवर प्रामुख्याने नाटककार, नट, संगीतकार आणि नाटकमंडळ्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. संहिता, जाहिराती, पत्रव्यवहार, नटांची आत्मचरित्रे आणि ध्वनिमुद्रिका ही या लेखनाची मान्य साधने होत. या साधनांमधून रंगमंचावर काय घडले याची पुष्कळ माहिती मिळते. प्रेक्षागृहात काय घडले याविषयी मात्र ती बहुतांशी मूक आहेत. ही उणीव ज्या साधनाने काही प्रमाणात भरून निघू शकते, ते म्हणजे सामान्य प्रेक्षकाने आयुष्यात प्रथमच पाहिलेल्या संगीत नाटकाची आठवण. अशी आठवण घरोघरी सांगितली जाते. तिला हौसेचा विषय मानले जात असल्यामुळे ती क्वचितच नोंदवली जाते. प्रस्तुत लेखात या आठवणीचे स्वरूप, तिची विश्वसनीयता, तिच्या मर्यादा आणि महाविद्यालयीन पातळीवर तिचे संकलन कसे करता येईल, यांचा विचार केला आहे.

प्रथमदर्शन आणि रंगभूमीचा आरंभ

प्रथमदर्शनाचा परिणाम केवळ भावनिक असतो असे मानण्याचे कारण नाही. मराठी रंगभूमीच्या आरंभाशीच तो निगडित आहे. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगली येथे खेळ केले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तशा प्रकारचे खेळ मराठीत करण्याची कामगिरी विष्णुदास भावे यांच्याकडे सोपवली आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. या नाटकांत पद्ये म्हणण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराचे असे. पात्रे त्या पद्यांच्या अनुरोधाने अभिनय करीत आणि संवाद आयत्या वेळी बोलत.

पुढचा टप्पाही एका प्रेक्षकाच्या अनुभवातूनच आला. १८८० मध्ये पुणे येथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला आणि असे संगीतप्रधान नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने ते ‘शाकुंतल’च्या रूपांतराकडे वळले, असे नाट्येतिहासकार सामान्यतः नोंदवतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. येथे पात्रे स्वतःच गाऊ लागली. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांच्या ‘नलदमयंती’चा उल्लेख याआधीचा, म्हणजे १८७९ चा, केला जातो. तथापि प्रेक्षकांच्या स्मृतीत आरंभाचे स्थान मिळाले ते ‘शाकुंतल’ला. कोणती कृती आधी झाली हा कालक्रमाचा प्रश्न आहे. कोणती कृती आरंभ म्हणून लक्षात राहिली हा प्रेक्षकांच्या ग्रहणाचा प्रश्न आहे. नाट्येतिहासाला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि दुसऱ्याचे उत्तर संहितेत सापडत नाही.

आठवणीत काय टिकते

पहिल्या संगीत नाटकाविषयी ज्येष्ठ व्यक्ती बोलू लागल्या की त्यांच्या कथनात एक सर्वसाधारण क्रम आढळतो. नाटकाचे कथानक बहुधा शेवटी येते, कधी येतही नाही. आरंभी येते ती तयारी : कोणाबरोबर गेलो, तिकीट कोणी काढले, घरातून परवानगी कशी मिळाली, लवकर जेवून निघालो की डबा बरोबर घेतला. नंतर येतात ते इंद्रियानुभव : पडदा वर जाण्यापूर्वी जुळवल्या जाणाऱ्या तबल्याचा आवाज, ऑर्गनचा पहिला सूर, अत्तराचा वास, भरजरी शालूवर पडलेला उजेड. त्यानंतर एखादे पद, आणि त्या पदाला मिळालेला ‘वन्स मोअर’.

हा क्रम आकस्मिक नाही. संगीत नाटकाचे कथानक प्रेक्षकाला बहुधा आधीच ठाऊक असे. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी यांच्या कथा कीर्तनातून आणि पुराणातून घरोघर पोहोचलेल्या होत्या. प्रेक्षक येत असे तो ज्ञात कथेचा गायनातून होणारा विस्तार अनुभवण्यासाठी. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा हे आज कसे गायले जाणार ही उत्सुकता मोठी असे. पदांच्या छापील पुस्तिका विकल्या जात. शब्द हाती असत आणि लक्ष स्वराकडे असे. अशा प्रेक्षकाच्या आठवणीत घटनेपेक्षा नाद टिकून राहावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांत अहमदजान थिरकवा आणि कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत ज्यांना कधी प्रवेश मिळाला नसता, अशा असंख्य श्रोत्यांनी उत्तम तबला आणि सारंगी प्रथम ऐकली ती नाट्यगृहात. म्हणून पहिल्या नाटकाची आठवण ही अनेकदा अभिजात संगीताच्या पहिल्या श्रवणाचीही आठवण असते.

आठवण कशी बदलते

स्मृती हे साधन मानावयाचे तर तिचे दोषही स्पष्टपणे मांडले पाहिजेत. पहिला दोष म्हणजे नंतर कळलेल्या माहितीची पूर्वीच्या अनुभवात होणारी मिसळण. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले होते, तरीही त्यांनी प्रयोग पार पाडला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती कळल्यानंतर त्या प्रयोगाविषयी बोलणारा कोणताही प्रेक्षक भामिनीच्या स्वरात दुःख ऐकल्यावाचून राहणे कठीण. ते दुःख त्या रात्री ऐकू आले होते की पुढे स्मृतीने त्या स्वरात घातले, याचा निर्णय एकट्या आठवणीवरून करता येत नाही.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’चे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक या प्रयोगात एकत्र उभे राहिले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, केशवरावांचे निधन झाले. त्यामुळे एका यशस्वी प्रयोगाच्या आठवणीला अखेरच्या भेटीचे गांभीर्य प्राप्त झाले. प्रेक्षकाने पाहिला तो सामना होता. आठवला तो निरोप.

दुसरा दोष तुलनेचा आहे. प्रथमदर्शन हे पुढील सर्व दर्शनांचे मोजमाप ठरते. भाऊराव कोल्हटकर १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्यांच्या आवाजाने संगीत नाटकाला लोकप्रियता मिळवून दिली. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. ज्यांनी शकुंतला प्रथम भाऊरावांच्या रूपात पाहिली, त्यांच्या दृष्टीने नवी शकुंतला ही दुसरी होती. ज्यांनी ती प्रथम बालगंधर्वांच्या रूपात पाहिली, त्यांना नंतरची प्रत्येक शकुंतला उणी वाटली. प्रत्येक पिढीने ‘सुवर्णकाळ’ आपल्या पहिल्या नाटकाच्या आसपास ठेवला. म्हणून ‘पूर्वीसारखे आता राहिले नाही’ हे विधान रंगभूमीच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी बोलणाऱ्याचे त्या वेळचे वय विचारणे आवश्यक ठरते.

ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचा परिणाम

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. नाट्यगृहात तेच पद ‘वन्स मोअर’सह कितीतरी लांबत असे आणि दर खेपेला त्याचे रूप पालटत असे. ज्याने १९२० च्या दशकात नाटक एकदाच पाहिले आणि त्यातील पदाची तबकडी पुढे वर्षानुवर्षे ऐकली, त्याच्या कानात नाट्यगृहातील पदाच्या जागी तबकडीतील पद केव्हा बसले, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. जे जतन झाले त्याने जे जतन झाले नव्हते त्याला झाकून टाकले. म्हणूनच तबकडीत नसलेल्या तपशिलांची आठवण विशेष मोलाची ठरते : एखाद्या पदापूर्वीचा संवाद, गायन चालू असताना इतर पात्रे काय करीत, मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचत होते की केवळ स्वर.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. या बोलपटात नायकाची भूमिका आणि संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांनी केली होती. रंगभूमीवरचे गायन पडद्यावर आले, आणि अनेकांचे पहिले संगीत नाटक हे प्रत्यक्षात पहिला बोलपट ठरले. हे स्थित्यंतर पुढेही घडत राहिले. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतासह रंगभूमीवर आले आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब एका पिढीच्या स्मृतीत स्थिर झाले. २०१५ मध्ये त्याच नाटकावर चित्रपट निघाला. आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ‘कट्यार’ प्रथम पाहिली ती या चित्रपटात. चित्रपट पुन्हा पाहून आठवण पडताळता येते. प्रयोगाच्या बाबतीत ही सोय नसते. एकाच शीर्षकाभोवती अशा दोन भिन्न प्रकारच्या स्मृती एकाच घरात नांदत असतात, ही अभ्यासाची दुर्मीळ संधी आहे.

कोणाची आठवण नोंदली गेली

गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ हे ग्रंथ मराठी नाट्येतिहासाचे आधारस्तंभ आहेत. परंतु हे सर्व लेखक रंगमंचाच्या आतले होते. प्रेक्षकांपैकी ज्यांनी लिहिले ते बहुधा सुशिक्षित, नागर आणि पुरुष होते. अनेक नाट्यगृहांत स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठकव्यवस्था असे. बालगंधर्वांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे आणि केशरचनेचे स्त्रियांनी अनुकरण केले हे वारंवार सांगितले जाते, पण सांगतात ते बहुधा पुरुष. पुरुषाने साकारलेली स्त्री पाहून त्या काळच्या स्त्रियांना काय वाटले, हे त्यांच्या शब्दांत फारच थोडे उपलब्ध आहे. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकर यांनी स्त्री-पुरुष कलावंतांची नाटकमंडळी उभी केली, १९४२ मध्ये ‘कुलवधू’तून ज्योत्स्ना भोळे पुढे आल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करताना प्रथम पाहणाऱ्या प्रेक्षकाचा अनुभव हाही असाच अलिखित राहिलेला विषय आहे.

स्थळभेदही लक्षात घेतला पाहिजे. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावातील हौशी कलावंतांनी संगीत नाटक करण्याची परंपरा आहे. तेथील मुलाचे पहिले नाटक देवळाच्या प्रांगणात, बहुधा तिकिटाशिवाय होते आणि रंगमंचावरचा राजा हा त्याच्या शेजारचा माणूस असतो. मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाची आठवण अपूर्वतेची असते, तर येथील आठवण ओळखीची असते. दोहोंना एकाच मापाने मोजल्यास इतिहास शहरापुरता मर्यादित होईल.

संकलनाची पद्धती

हे काम महाविद्यालयांना सहज शक्य आहे, कारण प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात किंवा शेजारी एखादा साक्षीदार असण्याची शक्यता असते. मात्र प्रश्न नेमके हवेत. ‘नाटक कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘फार सुंदर’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी कोठे बसला होता, शेजारी कोण होते, प्रयोग किती वाजता सुरू झाला, घरी कसे परतलात, ते पद आधी ऐकलेले होते काय, त्याची तबकडी घरी होती काय, असे प्रश्न विचारावेत. गायला सांगता आले तर अधिक चांगले. चालीची आठवण शब्दांच्या आठवणीपेक्षा स्वतंत्रपणे टिकलेली असू शकते.

त्यानंतर पडताळणी. प्रयोगाचे ठिकाण आणि दिनांक तत्कालीन वृत्तपत्रांच्या जाहिरातींवरून तपासता येतात. येथेही साधनाची निवड जाणतेपणाने करावी लागते. ‘केसरी’चा आरंभ जानेवारी १८८१ चा असल्याने ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगासाठी त्याचा उपयोग नाही, तर १८४९ पासून निघणारा ‘ज्ञानप्रकाश’ तेथे पाहावा लागतो. आठवण आणि जाहिरात यांत विसंगती आढळल्यास आठवण टाकून देऊ नये. दोन प्रयोग एकत्र का झाले, नट का बदलला, याचा शोध घेतल्यास ती चूकच बोलकी ठरते.

समारोप

१९६७ मध्ये दहाव्या वर्षी ‘कट्यार’ पाहणारी व्यक्ती आज पासष्टी ओलांडून गेली आहे. बालगंधर्वांना उमेदीच्या काळात पाहिलेले प्रेक्षक आता जवळजवळ उरलेले नाहीत आणि त्यांच्याबरोबर नाट्यगृहातील ते श्रवणही संपले आहे. त्याची पुनर्रचना कोणत्याही तबकडीवरून होणार नाही. संगीत नाटकाचा प्रयोग दोन बाजूंनी पूर्ण होत असे, गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या. गाणाऱ्याची बाजू काही अंशी जतन झाली. ऐकणाऱ्याची बाजू अद्याप माणसांच्या स्मरणात आहे, चुकांसह आणि मिसळणीसह. ती नोंदवण्यास निधी किंवा यंत्रसामग्री फारशी लागत नाही. लागतो तो एक नेमका प्रश्न, तो विचारणारा विद्यार्थी आणि उत्तर ऐकण्याची शिस्त. भाषा, संगीत, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे आणि त्यासाठी उपलब्ध असलेला काळ थोडा आहे.