रेपो उतरतो तेव्हा महाबँक

पुण्यात शिवाजीनगरला ‘लोकमंगल’ आहे, बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय. प्रा. वा. गो. काळे आणि धोंडुमामा साठे यांच्या पुढाकाराने 1935 मध्ये स्थापन झालेली ही बँक 1969 मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. खातेदारांच्या तोंडी तिचं नाव ‘महाबँक’.

तिची खरी ताकद चालू आणि बचत खात्यांत आहे. मार्च 2025 मध्ये एकूण ठेवींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम या खात्यांत होती. चालू खात्यावर व्याज द्यावं लागत नाही आणि बचतीवर थोडंच द्यावं लागतं. म्हणूनच निव्वळ व्याज मार्जिनमध्ये, म्हणजे मिळालेल्या आणि दिलेल्या व्याजातल्या फरकाच्या, व्याज कमावणाऱ्या मालमत्तेशी असलेल्या प्रमाणात, ती सरकारी बँकांत आघाडीवर राहिली. 2024-25 मध्ये ते 4 टक्क्यांच्या आसपास होतं.

नेमक्या त्याच काळात दर उतरू लागले. फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर 2019 पासून तरत्या दराची नवी गृहकर्जं आणि छोट्या उद्योगांची कर्जं बाह्य दराशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असतात, आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो. 50 लाखांच्या कर्जाचा दर सव्वा टक्क्याने उतरला, की बँकेचं वर्षाचं व्याज सुमारे 62,500 रुपयांनी घटतं. मुदत ठेवीचं मात्र तसं नाही. जुन्या चढ्या दराने ठेवलेली रक्कम मुदत संपेपर्यंत त्याच दराने व्याज घेते. उत्पन्न आधी घटतं, खर्च मागाहून. मार्जिन आक्रसतं ते या मधल्या काळात.

मुदत ठेवींवर चालणाऱ्या बँकेला पुढे दिलासा मिळतो, कारण ठेवी नव्या, कमी दराने नूतनीकृत होतात. महाबँकेला तो कमी मिळतो. जून 2025 मध्ये स्टेट बँकेने बचतीचा दर 2.5 टक्क्यांवर आणला. त्याखाली कुणी किती जाणार? आणि चालू खात्यावर तर कमी करण्यासारखं काही नाहीच. स्वस्त ठेवी मार्जिनची पातळी उंच ठेवतात, पण घसरण भरून काढायला त्यांच्यात फारसा वाव नसतो.

थोडा आधार बाहेरून आला. 2025 च्या अखेरच्या महिन्यांत रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा, टप्प्याटप्प्याने 4 वरून 3 टक्क्यांवर आलं. ज्या रकमेवर एक पैसाही व्याज मिळत नव्हतं, त्यातली काही कर्जासाठी मोकळी झाली. दर उतरल्याने रोख्यांच्या किमती वाढल्याचा फायदाही झाला, पण तसा फायदा दरवर्षी होत नसतो.

अशा वेळी अधिक व्याजाच्या मोहाने कच्च्या कर्जदाराच्या मागे जाणं सोपं असतं. आज वाचवलेलं मार्जिन उद्या थकबाकीच्या तरतुदीत जातं. या बँकेने 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेची, कमकुवत बँकांवर निर्बंध घालणारी ‘तत्पर सुधारात्मक कारवाई’ सोसली आहे आणि 2019 मध्ये ती त्यातून बाहेर पडली. तो अनुभव जमेस धरला, तर थोडं कमी मार्जिन स्वीकारून कर्ज पारखून देणं हाच तिच्यासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. ज्यांनी अल्प व्याजावर पैसा ठेवला, त्या खातेदारांशी तिची पहिली बांधिलकी आहे.