गागोद्याचा मुलगा आणि बडोद्याचे इंग्रजी

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचे नाव निघाले की विनोबा भाव्यांचे नाव आपोआप ओठांवर येते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. अशा आडगावाचा एखाद्या कॉलेजातील इंग्रजीच्या विभागाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. आणि मराठीच्या अध्यापकाने या शेजारच्या खोलीत डोकवावेच कशाला, असेही कुणी म्हणेल. पण डोकावल्यावाचून राहवत नाही.

विनोबांचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते, म्हणून मुलगाही तिकडे गेला. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी! सयाजीराव महाराजांच्या त्या राजधानीत हा तिपेडी संसार बिनबोभाट चाले. १८८१ साली स्थापन झालेले बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. पुस्तके मुंबईने नेमायची, परीक्षाही मुंबईस जाऊन द्यायची. हॅरॉल्ड लिटलडेल यांच्यासारखा टेनिसनचा अभ्यासक तिथे इंग्रजी शिकवून गेला. संस्थानाला कारभारी हवे होते, पालकांना नोकऱ्या हव्या होत्या, आणि शेक्सपिअर या दोहोंच्या मधे उभा होता. त्या काळच्या बहुतेक कॉलेजांतून उद्दिष्ट म्हणून एवढेच असे. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

पण या विभागाचा सर्वांत नामांकित प्राध्यापक पाहा. अरविंद घोष वयाच्या सातव्या वर्षी विलायतेस गेले, ते १८९३ साली परतले. बडोद्यास त्यांनी आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवले. मातृभाषा बंगाली मात्र त्यांना धड येत नव्हती! ती ते बडोद्यातच, शिक्षक ठेवून शिकले. शिवाय मराठी आणि गुजरातीही शिकले. दिवसा इंग्रजी शिकवायचे आणि घरी येऊन आपल्या आईची भाषा गिरवायची, हे दृश्य मला त्यांच्या व्याख्यानांहून मोलाचे वाटते. १९०६ साली त्यांनी बडोदे सोडले, त्यामुळे विनोबांना ते वर्गात लाभले नाहीत.

विनोबांच्या घरी भाषेचा वेगळाच पेच होता. वडिलांना वाटे, मुलाने फ्रेंच घ्यावे. आईला वाटे, संस्कृत शिकावे. मुलाने वर्गात फ्रेंच घेतले आणि संस्कृत स्वतःच्या हिकमतीने साधले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा विद्यार्थी सुरतेसच उतरला आणि काशीला निघून गेला. प्रशस्तिपत्रे त्याआधीच चुलीत गेली होती. विभागाने एक पदवीधर गमावला, एवढीच काय ती नोंद!

आईला गीता समजेल अशा मराठीत हवी होती. ती १९१८ साली गेली. ‘गीताई’ १९३० साली सुरू होऊन १९३१ साली पुरी झाली. ज्या वाचकासाठी पुस्तक लिहायचे तोच वाचक उरला नव्हता. तरीही ते त्याच सोप्या वाणीत लिहिले गेले. भाषा शिकवणाऱ्या कुणीही या विलंबापाशी घटकाभर थांबावे.

पुढे १९४९ साली बडोद्यास स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि कॉलेज त्यात सामावले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. ‘हॅम्लेट’ गुजरातीत आणणाऱ्या त्या विदुषी. याच विद्यापीठात पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले गणेश देवी, मूळचे भोरचे. त्यांच्या ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ या इंग्रजी ग्रंथाला १९९३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विषय काय, तर आपल्या देशी भाषांतील साहित्यविचाराचे झालेले विस्मरण. १९९६ साली प्राध्यापकी सोडून ते आदिवासी भाषांच्या कामाला लागले. तेजगडची आदिवासी अकादमी त्यातूनच उभी राहिली, आणि २०१० साली भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षणही सुरू झाले.

आज आमच्या कोकणातली मुले इंग्रजी घेतात ती नोकरीसाठी. घेऊ देत, पोटाला भाषा लागतेच. माझे मागणे लहानसे आहे. इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या बोलीतला काही मजकूर, मग ती आगरी असो, कातकरी असो की गुजराती, इंग्रजीत उतरवावा आणि इंग्रजीतला एक उतारा घरी आजीला कळेल असा सांगावा. त्याला शंभरातले पंचवीस गुण द्यावेत. तपासायला मराठीच्या विभागातून माणूस लागला, तर मी येईन.